फुलपाखरांसाठी मिळणारा जाळीचा पिंजरा: प्लेन टायगर वाढवताना वापरला त्याचा रिव्ह्यू

ऑनलाइन ‘बटरफ्लाय केज’ टाकलं की पांढऱ्या जाळीचा, घडी होणारा, समोर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी आणि एका बाजूला चेन असलेला जो पिंजरा सगळ्यात वर दिसतो ना, त्याचा हा रिव्ह्यू आहे. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण त्यावर नाव असं काही छापलेलंच नसतं, वेगवेगळे विक्रेते तोच माल तोच फोटो लावून विकतात. माझा ४० बाय ४० बाय ६० सेंमीचा आहे, हजाराच्या आत मिळाला, आणि पुण्यात आमच्या बाल्कनीत तो पावसाळ्यापासून थंडी सुरू होईपर्यंत वापरलाय. सोसायटीतल्या दोन-तीन आयांनी मुलांसाठी घेऊ का म्हणून विचारलं, मग प्रत्येकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हटलं.

पाचपैकी साडेतीन स्टार. वस्तू कामाची आहे, पण फुलपाखराच्या आयुष्यातल्या ठरावीक दिवसांपुरतीच. आणि जाहिरातीत दाखवतात तसं, म्हणजे आत फुलांची कुंडी ठेवलीय आणि चार-पाच फुलपाखरं बागडतायत, तसं तर अजिबात वापरू नका, का ते पुढे सांगते.

आधी फुलपाखरू कुठलं ते, कारण पिंजरा बरा की वाईट हे त्यावर ठरतं. पुण्यात विषय निघाला की सगळे ब्लू मॉरमॉनवर जातात, बरोबरच आहे, २०१५मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं आणि असं करणारं आपलं राज्य देशात पहिलं. पण रोज डोळ्यांसमोरून जातं ते प्लेन टायगर. तळजाईवर, वेताळ टेकडीवर, नदीकाठी, बांधकामाच्या पत्र्याच्या कुंपणापाशी, जिथे म्हणून रुई उगवलीय तिथे हे असतंच, वर्षभर असतं आणि पाऊस ओसरला की जास्त. नारिंगी-तपकिरी पंख, पुढच्या पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा तिरका पट्टा, मागच्या पंखाच्या मध्यावर मोजके काळे ठिपके, अंग काळं आणि त्यावर पांढरे टिपके, पंख पसरले की सात-आठ सेंमी. उडायची घाई नाही, जमिनीपासून फार वर नाही, निवांत जातं. अमेरिकेतलं ते प्रसिद्ध मोनार्क याचं जवळचं नातेवाईक, शास्त्रीय नावातला पहिला शब्द, डॅनॉस, दोघांचा एकच. आफ्रिकेपासून आशियातून पार ऑस्ट्रेलियापर्यंत हे सापडतं, आणि इजिप्तमध्ये लक्सरला सुमारे ३५०० वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रात याचं चित्र आहे. एवढ्या जुन्या काळी कुणीतरी याला नीट बघून रंगवलं ही गोष्ट मला फार आवडते, कारण आपण मात्र रोज दिसतं म्हणून वळूनही बघत नाही.

आता खरेदी. पिंजऱ्याच्या आधी झाड लागतं, हे कुठल्याच विक्रेत्याच्या पानावर ठळक लिहिलेलं नाही आणि याचाच मला सगळ्यात राग आहे. अळी म्हणजे पालक-कोथिंबीर काहीही खाणारा प्राणी नाही. प्लेन टायगरची अळी रुई आणि तिच्या कुळातली झाडं खाते, बस. रुई, मंदार, नाहीतर नर्सरीत लाल-पिवळ्या फुलांचं हळदीकुंकू मिळतं ते. शनिवारी मारुतीला ज्या पानांची माळ घालतो तीच ही रुई, जाड, पांढुरकी, मऊ लव असलेली पानं, तोडलं की पांढरा चीक. जिलब्या मारुतीपाशी शनिवारी फुलवाल्यांकडे माळांचे ढीग दिसतात ते बघून मला एकीने विचारलं की मग माळ आणून घातली तर चालेल का. एक वेळ चालेल, पण ती पानं कुठल्या रस्त्याकडेची, त्यावर काय उडालंय काही कळत नाही, आणि तासाभरात सुकतात. झाडच हवं. आमच्या गच्चीत मोठ्या कुंडीत रुई लावली तेव्हा खालच्या काकू म्हणाल्या, "अगं, रुई काय कुंडीत लावायची वस्तू आहे का, ती तर उकिरड्यावर येते." येते खरी, आणि म्हणूनच कुंडीत फार लाड न करता वाढते, फक्त ऊन भरपूर लागतं.

हळदीकुंकवाचं रोप नर्सरीतून आणणार असाल तर एक काळजी घ्या. सोलापूर रोडला, हडपसरच्या पुढे, मांजरी-उरुळीकडे नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, रोपं सुंदर असतात, पण विकायची रोपं म्हणजे फवारणी आलीच. रोप आणल्याबरोबर त्यावर अळी सोडायची नाही, काही आठवडे ठेवायचं, पानं धुवायची आणि घरी आल्यावर फुटलेली नवी पालवीच खायला द्यायची. फवारा मारलाय का असं नर्सरीवाल्याला सरळ विचारा, बहुतेक जण खरं सांगतात.

झाड जमलं की फुलपाखरू स्वतःच येतं, शोधत जावं लागत नाही. मादी पानाभोवती घुटमळते, पानावर बसून पायांनी चाचपते, जिभेला चव कळावी तशी तिच्या पायांना पानाची चव कळते, आणि मग पोट वाकवून पानाच्या खालच्या बाजूला एक अंडं. एकच. मग दुसरं पान. अंडं एक मिलिमीटरच्या आसपास, पांढुरकं, वर टोकदार आणि त्यावर उभ्या रेघा. तीन ते पाच दिवसांत फुटतं, आणि बाहेर आलेली अळी पहिलं जेवण म्हणून स्वतःच्या अंड्याचं कवच खाते.

या टप्प्याला पिंजऱ्याचा काहीही उपयोग नाही. उलट नुकसान, कारण ताजी अळी तीन-चार मिलिमीटरची, दोऱ्याएवढी बारीक, ती जाळीच्या भोकातून बाहेर जाऊ शकते आणि मग सापडत नाही. अंडं असलेलं पान देठासकट काढून झाकणाच्या छोट्या डब्यात ठेवायचं, खाली ओलसर केलेला टिश्यू, रोज एकदा झाकण उघडायचं. अळी सेंटिमीटरभर झाली की पिंजऱ्यात. जाहिरातीत ‘अंड्यापासून फुलपाखरापर्यंत’ लिहिलंय त्यातला अंड्याचा भाग मनावर घेऊ नका.

अळीचे दिवस मात्र पिंजऱ्याचे. बाहेर झाडावर आम्ही बघायचो, काल दिसलेली अळी आज नाही. मुंग्या, कोळी, खंडोबाचे किडे, गांधीलमाश्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे टॅकिनिड माशी, दिसायला घरमाशीसारखीच, ती अळीवर अंडी घालते आणि तिच्या अळ्या आपल्या अळीला आतून खातात. अळी खातपीत असते, मोठी होते, कोशसुद्धा करते, आणि मग त्या कोशातून फुलपाखराऐवजी पांढरे धागे लोंबतात आणि माशीची पिल्लं त्या धाग्यांवरून खाली उतरतात. ज्याने एकदा ते बघितलंय त्याला पिंजऱ्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. ही जाळी त्या माशीला नक्की अडवते. एकदम बारीक परजीवी गांधीलमाश्याही असतात, त्यांना अडवेल असं मी म्हणणार नाही, पण मोठा धोका टळतो, आणि या एका कामासाठी मी याला पूर्ण मार्क देते.

अळी बघायला इतकी देखणी आहे की मुलं तिच्यासमोरून हलत नाहीत. पांढऱ्यावर काळे आडवे पट्टे, दोन्ही बाजूंनी पिवळे ठिपके, आणि पाठीवर लांब काळ्या शिंगांच्या तीन जोड्या, पुढे एक, मधे एक, मागे एक. हात लावला की ती शिंगं हलवते, पण टोचत नाहीत, काही होत नाही. पाच टप्प्यांत वाढते, दर टप्प्याला कात टाकते, आणि कात टाकायच्या आधी बराच वेळ निश्चल बसते. तेव्हा तिला हलवायचं नाही, पान बदलायच्या नादात ओढायचं तर अजिबातच नाही, पाय रेशमाला धरलेले असतात. माझा भाचा आठवडाभर राहायला होता, तो सारखा "मावशी, ही आजारी आहे का गं" विचारायचा, मग कात सुटताना त्याने स्वतः बघितली आणि त्यानंतर आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला तोच समजावून सांगायला लागला.

तिची खायची पद्धत बघाच. रुईचा चीक चिकट असतो, लहान अळीचं तोंड त्यात चिकटून ती मरूही शकते, म्हणून ती थेट पान खायला सुरुवात करत नाही. लहान असताना पानाच्या पृष्ठभागावर गोल चर कुरतडते, मोठी झाली की पानाची मधली शीर नाहीतर देठ कुरतडते, चीक तिथून वाहून जातो, पुढचा भाग लुळा पडतो आणि मग निवांत खाते. हे कुणी शिकवत नाही, अंड्यातून येतानाच घेऊन येते. त्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात, कार्डिनोलाइड म्हणतात त्यांना, त्यातलं काही अळी अंगात साठवते आणि ते पुढे फुलपाखरातही उतरतं. म्हणून प्लेन टायगरला उडायची घाई नसते. पक्ष्याने एकदा चोच मारून कडू चव घेतली की परत तो रंग दिसला तरी सोडून देतो. अंगही चिवट असतं, चोचीत धरलं तरी सहज फाटत नाही, बऱ्याचदा सुटून परत उडून जातं.

इथे एक गोष्ट कृपा करून गंभीरपणे घ्या. तोच चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला खरोखर इजा होते, नजर धूसर होते, डॉक्टरकडे जायची वेळ येते. पानं मोठ्यांनीच तोडायची, हात साबणाने धुवायचे आणि तोपर्यंत डोळ्यांकडे हात न्यायचा नाही. मुलांना बघू द्या, पानं तोडायला देऊ नका. अळीच्या फोटोपेक्षा ही सूचना मोठ्या अक्षरांत पिंजऱ्याच्या पाकिटावर हवी होती, तिथे एक शब्द नाही. अर्धा स्टार मी तिथेच कापलाय.

पानं ताजी ठेवणं हे रोजचं काम. जाळीतून वारा खेळतो हे पावसाळ्यात चांगलं, बुरशी धरत नाही, पण ऑक्टोबरच्या उन्हात तोडलेलं पान दुपारपर्यंत कडक होतं, मार्च-एप्रिलमध्ये तर विचारू नका. त्यामुळे फांदी छोट्या बाटलीत पाण्यात ठेवायची आणि बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करायचं, नाहीतर अळी देठावरून खाली उतरून पाण्यात बुडते. ६० सेंमी उंचीमुळे अशी बाटली आणि वर बऱ्यापैकी फांदी आरामात बसते, यापेक्षा बुटका पिंजरा घेऊ नका. तळाला कापड आहे, त्यावर लेंड्या पडतात, शेवटच्या दिवसांत अक्षरशः रोज वाटीभर, आणि ओल्या झाल्या की त्या कापडाला बसतात. जुना पेपर अंथरा आणि रोज बदला, तेवढं केलं तर वास येत नाही.

पिंजऱ्याचं उघडणं-मिटणं: पाकिटातून सपाट चकती येते, आत स्प्रिंगची तार आहे, बांधलेली पट्टी सोडली की ताडकन उघडतो, त्यामुळे तोंडासमोर धरून उघडू नका. परत घडी घालायला थोडा सराव लागतो, दोन विरुद्ध कोपरे एकत्र आणून पीळ द्यायचा. वजनाला अगदी हलका, बाल्कनीत संध्याकाळचा वारा सुटला की सरकतो, आत तळाला दोन फरशीचे तुकडे ठेवलेत ते पुरेसे आहेत. मुंग्यांचं मात्र काहीतरी करावंच लागतं. जमिनीवर ठेवला तर त्या चेनच्या फटीतून येतात. आजीकडे दूध-दुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे, तसंच स्टूल वाट्यांत उभं करून त्यावर पिंजरा ठेवला, मुंगी फिरकली नाही.

चेन हा याचा खरा कमकुवत भाग. कोपऱ्यावर वळताना अडकते, जोर लावला की दात सुटतात. आणि मोठी अडचण कोशाच्या वेळी येते. खाऊन झालेली अळी, साडेतीन-चार सेंमीची, खाणं सोडते आणि जागा शोधत फिरते, वर वर चढते. छताला जाईल असं आपल्याला वाटतं, पण तिला शिवण आवडते, कोपरा आवडतो, आणि चेनच्या वरची पट्टी तर फारच. तिथे रेशमाचा छोटा गुच्छ विणून मागचे पाय त्यात अडकवून उलटी लटकते, डोकं वर वळवून, आणि साधारण दिवसभराने कातडी डोक्याकडून फाटत वर सरकते आणि आतून कोश निघतो. एकदा तो चेनवर झाला की तो दरवाजा बंद, उघडझाप केली तर कोश हलून पडू शकतो. आमच्याकडे नेमकं असंच झालं आणि बाकीच्या अळ्यांना पानं द्यायला मार्गच उरला नाही, शेवटी चेन अगदी खालच्या टोकाला हात जाईल एवढी उघडून दिवस काढले. दोन बाजूंना दोन दरवाजे असलेलं मॉडेल मिळतं, थोडं महाग असतं, तेच घ्या. एका दरवाजाचं घेऊन पुढे गैरसोय होते.

कोशाबद्दल किती लिहू असं होतं. दीड-दोन सेंमीचा, फिकट हिरवा, कधी फिकट गुलाबी, पानावर झालेला बहुतेक हिरवा आणि जाळीवर झालेल्यांत गुलाबीही, त्यावर सोनेरी ठिपके आणि एक सोनेरी-काळी रेघ. खरं सोनं लावल्यासारखे चमकतात ते ठिपके, सकाळच्या तिरप्या उन्हात तर जास्तच. आमच्या आईने तो बघितल्यावर पहिल्यांदा पिंजऱ्याजवळ खुर्ची घेऊन बसली, तोपर्यंत तिला हा सगळा किड्यांचा प्रकार वाटत होता. नऊ-दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, गारठा असेल तर जास्त. बाहेर यायच्या आदल्या दिवशी कोश काळपट पारदर्शक होतो आणि आतले नारिंगी पंख, त्यावरचे पांढरे ठिपके चक्क दिसतात. तो रंग दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठायचं, बहुतेक वेळा सकाळीच येतात.

आणि इथे जाळी परत कामाला येते. बाहेर आलेलं फुलपाखरू मोठं पोट आणि चुरगळलेले बारके पंख घेऊन येतं, त्याला ताबडतोब कुठेतरी घट्ट लटकायला हवं, मग ते अंगातलं द्रव पंखांच्या शिरांत ढकलतं आणि पंख हळूहळू उलगडत जातात. लटकायला मिळालं नाही तर पंख वाकडेच सुकतात आणि मग ते कधीच उडत नाही. जाळीला पायांची पकड छान बसते. पण समोरची ती प्लास्टिकची खिडकी! तिच्यावर पकड बसत नाही, घसरून खाली पडतं. आम्ही त्या खिडकीवर आतून टेपने जाळीचाच एक तुकडा लावला, मग प्रश्न मिटला, पण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूला हे करावं लागू नये. शिवाय दमट हवेत ती खिडकी आतून धुरकट होते आणि दोनदा पुसली की ओरखडे पडतात, म्हणजे ज्यासाठी ती दिलीय, नीट दिसण्यासाठी, ते काम पण ती धड करत नाही. चारही बाजू जाळीचाच पिंजरा मिळाला तर तो घ्या. सोंडही बघा त्या वेळी, बाहेर येताना ती दोन वेगवेगळ्या अर्ध्या नळ्या असते, फुलपाखरू त्या गुंडाळत-उलगडत एकत्र जोडून घेतं.

पंख वाळायला दोनेक तास द्या, मग ऊन आलं की सोडायचं. नर की मादी ते सोडताना कळतं, मागच्या पंखावर मधे जे काळे ठिपके असतात त्यात नराला एक जास्तीचा असतो, मधे पांढरा असलेला, ती त्याची गंधाची पिशवी. बोटावर घेताना कधीकधी पंख मिटून पाय आखडून आडवं पडतं, मेल्याचं सोंग. भाचा रडायलाच आला होता, तेवढ्यात ते उठून उडालं.

सोडायचं म्हणजे सोडायचंच. फुलपाखरं आत ठेवून ‘बाग’ करायची कल्पना या फुलपाखराच्या बाबतीत चूकच आहे. नराला नुसता मध पुरत नाही. तो खुळखुळ्यासारख्या, हेलिओट्रोपसारख्या झाडांच्या सुकलेल्या, कुरतडलेल्या भागांवर जाऊन तिथली अल्कलॉइड नावाची रसायनं शोषून घेतो, त्यापासून त्याचा गंध बनतो, आणि तो गंध असल्याशिवाय मादीपुढे त्याचं काही चालत नाही. वेताळ टेकडीवर पावसाळ्यानंतर खुळखुळ्याच्या सुकल्या फांदीवर अशी फुलपाखरं चिकटून बसलेली दिसतात, फूल नाही काही नाही, तरी हलत नाहीत, ती त्यासाठी. ४० सेंमीच्या चौकोनात यातलं त्याला काय मिळणार? पंख जाळीवर आपटून दोन दिवसांत झिजतात, तेवढंच.

अजून एक, घोळीच्या भाजीवर अळी मिळाली म्हणून तीही पिंजऱ्यात आणायची नाही. डॅनाइड एगफ्लाय नावाचं फुलपाखरू घोळीवर वाढतं, त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, विषारी नसून विषारी असल्याचा वेष घेते. नर मात्र पूर्ण वेगळा, काळा आणि त्यावर मोठे पांढरे ठिपके. अशा नकलेला बेट्सियन मिमिक्री म्हणतात, हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२मध्ये अ‍ॅमेझॉनच्या फुलपाखरांवरून ती मांडली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या डॅनाइड एगफ्लायला संरक्षण दिलं गेलं, म्हणून त्याची अळी घरी आणायची नाही. बाहेरच बघा, ठिपके मोजा, एगफ्लायच्या मादीला मागच्या पंखावर मधे ते तीन-चार ठिपके नसतात, साधारण एकच असतो. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की टेकडीवर फिरायची मजाच बदलते.

गर्दी करू नका. या मापाच्या पिंजऱ्यात चार-पाच अळ्या, त्याहून जास्त नको. अमेरिकेत मोनार्क घरात मोठ्या संख्येने वाढवतात तिथे ओई नावाच्या सूक्ष्म परजीवीचा त्रास फार झालाय, त्याचे कण पंखांच्या खवल्यांवरून पानांवर आणि पानांवरून अळ्यांत जातात, आणि एकाच भांड्यात एकामागून एक पिढ्या काढल्या की ते साठत जातात. म्हणून प्रत्येक खेपेनंतर हा पिंजरा साबणाच्या पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायचा. धुवायला सोपा आहे, जाळी विरली नाही, तार गंजली नाही, हा याचा मोठा प्लस पॉइंट. बाहेर येताना फुलपाखरू तपकिरी-लालसर पाणी टाकतं, ते रक्त नसतं, कोशातला साठलेला मळ असतो, पण पांढऱ्या जाळीवर त्याचा डाग राहतो. राहू दे.

पावसाळ्यात सोसायटीत डासांसाठी धूर फवारणी होते, त्याची नोटीस लागली की पिंजरा आतल्या खोलीत आणून दार-खिडक्या बंद, आणि त्या खोलीत डासांचं लिक्विड मशीन, अगरबत्ती काही नाही. डास मारणारं औषध अळीलाही मारतं.

तर कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे रुई किंवा हळदीकुंकू आधीच वाढलंय आणि रोज सकाळी दहा मिनिटं पानं-पेपर बदलायला देता येतात त्यांनी घ्यावा. नुसतं वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून, झाड नसलेल्या घरी, देऊ नका, त्याऐवजी त्याच पैशात रुईचं रोप आणि मोठी कुंडी द्या. कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉरमॉनसाठीही हाच पिंजरा चालतो, फक्त त्यांच्या अळ्या कोश उभा बांधतात, कमरेला रेशमाचा पट्टा घालून, म्हणून आत दोन-तीन काटक्या उभ्या ठेवायच्या. आणि घेताना उंची ६० सेंमी, दोन दरवाजे, प्लास्टिकची खिडकी नको आणि जाळी बारीक, एवढं बघा. हिरव्या जाळीपेक्षा काळी जाळी आतलं जास्त स्पष्ट दाखवते, पांढरी त्या बाबतीत सगळ्यात मागे, पुढचा घेताना मी काळीच घेणार आहे.